डावी सीट

गाडी कोणती घ्यावी हे चौक गावात मला ज्यांनी ज्यांनी शिकवलं, त्यांच्यापैकी एकाच्याही दारात सायकलीपलीकडे काही नव्हतं. अँबॅसडर घे, म्हणाले, पुढारी तीच घेतात. मला पुढारी व्हायचं नव्हतं. फियाट घे, म्हणाले, उद्या टॅक्सीला लावता येईल. म्हणजे लोधिवलीच्या बौद्धवाड्यातला माणूस गाडी घेणार ती दुसऱ्यांना बसवून हिंडवायला, हे त्यांनी धरूनच ठेवलेलं.

मला दोन गोष्टी हव्या होत्या. एक म्हणजे आराम. माझी बायको मैना खालापूरच्या दवाखान्यात नर्स, आणि तिला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. आधीची दोन्ही पोरं पोटातच गेली. पनवेलच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, धक्के बसू देऊ नका. आणि आमच्या रस्त्याला एसटीच्या मागच्या बाकड्यावर माणूस बसत नाही, नुसता उडत असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे वेग. मी खोपोलीच्या गिरणीत फोरमन. रोज सकाळी त्याच रस्त्यानं श्रीपतशेठची जीप जायची, चिखल उडवत. श्रीपतशेठ म्हणजे भातगिरणीचा आणि निम्म्या शिवाराचा मालक. त्याच्या बापाच्या दमणीच्या बैलांपुढे माझा बाप कंदील घेऊन धावायचा. छप्पन्न साली बापानं दीक्षा घेतली आणि तो कंदील त्यांच्या ओट्यावर ठेवून आला. शेठच्या घरात ते अजून कुणी विसरलेलं नाही. मलाही विसरायचं नव्हतं. मला आरामात बसून त्या जीपच्या पुढे निघून जायचं होतं, एवढंच.

आणि एक गोष्ट मी आधीच ठरवली होती. मैना पुढे बसेल, माझ्या शेजारी, डाव्या सीटवर. शेठच्या बायका मागे बसतात, पदर ओढून. माझी बायको पुढे बसेल आणि काच खाली करून बसेल.

दामू दलालानं ढाब्यामागच्या शेडमध्ये मला ती गाडी दाखवली. विलायती बनावट, चार दारं, बाटलीसारखा हिरवा रंग, बसकी आणि लांब नाकाची. खंडाळ्याचा एक म्हातारा साहेब विलायतेला परत जाताना ती विकून गेला होता. मी दार उघडून बसलो आणि उठावंसं वाटेना. सीटनं मला धरलं. माझा उजवा खांदा जरा उतरता आहे, तिथं सीटची पाठ तेवढीच उतरती होती. डावा पाय आखूड आहे, म्हणून क्लच दाबताना माझी टाच वाकडी पडते. खालच्या रबराला भोक पडलं होतं ते बरोबर त्या वाकड्या टाचेखाली.

मग मी स्टिअरिंगवर हात ठेवले. गिरणीच्या पट्ट्यात माझ्या उजव्या हाताचं पहिलं बोट गेलं. त्याचीच भरपाई मिळाली होती, तिच्यातूनच ही गाडी येणार होती. स्टिअरिंगचा काळा रंग उजव्या बाजूला तीन बोटांचा झिजला होता. त्यांच्या वर, जिथं पहिलं बोट यायला हवं, तिथं रंग नवा होता.

"साहेबाला बोटं किती होती रं?" मी दामूला विचारलं.

"सगळी होती की. आन् साहेब कुठं चालवायचा? डायवर होता त्याला."

"आणि ड्रायव्हरला?"

दामू हसला. त्याला वाटलं मी भाव पाडतोय.

आता यात भूतखेत हुंगणारे लोक मला पुरेपूर माहीत आहेत. पोर तापलं की देवऋषी, म्हैस आटली की देवऋषी, आणि गावातला कुणी दोन पैसे कमवायला लागला की तर हमखास देवऋषी. मी यंत्रांत आयुष्य काढलंय. झीज बघून मी सांगतो चाक कुठे वाकडं आहे ते. जगात एकट्या मलाच बोट कमी आहे असं थोडंच आहे? मी गाडी घेतली. दामूनं चाकाखाली ठेवायला लिंबू आणलं होतं. ते मी ढाब्यावर पाण्यात पिळून, मीठ घालून त्याच्यासमोर प्यायलो.

मैनानं गाडीभोवती एक फेरी मारली, दारं उघडून सगळं बघितलं. नर्सचे डोळे. रोग्याच्या अंगावरचं पांघरूण काढावं तसं तिनं डाव्या सीटवरचं फडकं काढलं.

"ही तर कोरी हाय," ती म्हणाली.

खरोखर कोरी होती. हिरवं रेक्झिन चकचकीत, शिवणीला धूळ नाही. दामूनं तर त्याचंच कौतुक केलं होतं, या सीटवर कुणी बसलंच नाय बघा. मैना मग मागे वळली. मागच्या सीटवर डाव्या बाजूला काही नव्हतं, म्हणजे साहेब बसत असेल तर हवेत बसत असेल. पण उजव्या कोपऱ्यात, बरोबर माझ्या पाठीमागे, एक खळगा पडलेला होता. लहान. मोठ्या माणसाचा नव्हे. आणि माझ्या सीटच्या पाठीवर, मागच्या बाजूनं, दोन काळपट डाग होते. बुटांची टोकं वर्षानुवर्षं घासून पडतात तसे.

मैना वाकून ते डाग बघत राहिली. मग तिनं वरचा आरसा बघितला. तो रस्त्याकडे नव्हता. खाली, त्या खळग्याकडे वळवलेला होता.

"कुणीतरी पोराला एकट्यानं नेत व्हता," ती म्हणाली. "आई नसलेल्या पोराला."

मी म्हटलं, तू दवाखान्यात आहेस तेवढी पुरे, इथं निदान करू नकोस. आरसा सरळ केला, तिला पुढे बसवलं आणि निघालो. चौक सोडल्यावर श्रीपतशेठची जीप लागली. मी तिला असं मागे टाकलं की शेठला मैनाचा काचेवर ठेवलेला कोपर नीट दिसला असेल. त्या सकाळी इर्शाळगडाच्या सुळक्यावर ऊन होतं आणि मैनाच्या पोटातलं पाणीसुद्धा हललं नाही. ती हसत होती. हेही लिहून ठेवायला हवं, कारण लोक पुढचंच तेवढं सांगतात.

दुसऱ्या दिवशी आरसा पुन्हा खाली होता.

मी सरळ केला. तिसऱ्या दिवशीही तेच. नागू मिस्त्रीनं स्क्रू आवळला, मग वायसर घातला, मग आरसाच बदलला. नवा आरसा सकाळी त्याच कोपऱ्याकडे बघत असायचा. नागू म्हणाला, सायेब, गाडी उभी ऱ्हाते तिथं उतार असंल. मूर्ख. उतारानं गाडी घसरते, आरसा घसरत नाही. पण मी त्याचंच म्हणणं धरून गाडी अंगणात दुसऱ्या बाजूला लावायला लागलो.

पावसाळा संपला. माझी सीट माझ्याखाली आणखी बसली. मैना रोज माझ्या शेजारी बसायची, सातवा महिना लागलेली बाई, वजन काही थोडं नाही. खालापूरला ती उतरली की सीट वर यायची. एकही वळी नाही. शिवणीला घाम नाही, डोक्याच्या जागी तेलाचा डाग नाही. उतरताना मैना तळहातानं ती सीट दाबून बघायची, रोग्याच्या पायाची सूज बघतात तशी. दाबायची, हात काढायची, खळगा पडतो का बघायची. पडायचा नाही.

मी एका शनिवारी खोपोलीहून आणलेलं तांदळाचं पोतं त्या सीटवर ठेवलं आणि सोमवारपर्यंत हलवलं नाही. सकाळी उचललं. सीट पुरीसारखी फुगून वर आली. मग तेच पोतं माझ्या सीटवर ठेवून बघितलं, तर खुणा पडल्या. मैना दारात उभी राहून बघत होती.

"इका ही गाडी," ती म्हणाली.

विकणं अवघड नव्हतं. त्याच आठवड्यात श्रीपतशेठनं आपला माणूस पाठवला होता. सहदेवाला म्हणावं, आमाला दे, तुला झेपायची नाय. झेपायची नाय. हे शब्द मी मैनाला सांगितले आणि विचारलं, आता विकू? उद्या वाड्यावर बसून म्हणतील, बाप कंदील ठेवून गेला, पोरगा गाडी ठेवून गेला. मैनानं पुन्हा कधी विकायचं नाव काढलं नाही.

मुलगी झाली. विशाखा. आई धडधाकट, पोर धडधाकट. दवाखान्यातून दोघींना मी त्याच गाडीतून आणलं, पुढच्या सीटवर. माझ्या मनात जी काय धाकधूक होती ती त्या दिवशी मीच हसण्यावारी नेली. बघा म्हटलं. रबराला पडलेली भोकं बघून माणसं मरत असती तर खोपोलीत कुणी उरलं नसतं. वर्षं गेली. विशाखा मैनाच्या मांडीवर बसून यायची, आणि मला त्या सीटचं काही वाटेनासं झालं. स्वच्छ राहते, तर राहू दे. आरसा सकाळी हातानं सरळ करायची मला सवय लागली, दात घासतात तशी.

मैनाला लागली नव्हती. ती रोज सीट दाबून बघत होती.

विशाखाला खालापूरच्या शाळेत घातलं तो जून. नवं दप्तर, नवे काळे बूट. पोर म्हणाली, मी मोठी झाले, मी मागं बसणार. मी म्हटलं, बस. ती चढली आणि सरळ माझ्या पाठीमागच्या कोपऱ्यात गेली. पाय सीटच्या पाठीला लावले.

मला पाठीत दोन टोकं लागली.

मैना पुढचं दार उघडून उभी होती. तिनं पोरीच्या बुटांकडे बघितलं. बुटांची टोकं डागांवर होती. जरासुद्धा बाहेर नव्हती.

मग तिनं डावी सीट दाबली. हात काढला.

"तुमी दोघं व्हा पुढं," ती म्हणाली. "मी एस्टीनं येते."

मला संताप आला. अंगणाच्या कडेला चार माणसं उभी होती, आणि माझी बायको दारात गाडी असताना एसटीची वाट बघणार. मी म्हटलं, मैना, पुढे बस.

"फुडंच बसले की एवढी वर्सं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "ह्या सीटला कळलंय का मी बसल्याचं?"

तिनं खिडकीतून हात घालून विशाखाची वेणी सारखी केली. दार लावलं, दोनदा ओढून बघितलं, आणि फाट्याकडे चालायला लागली. मी गाडी सुरू केली. माणसं बघत होती म्हणून जोरातच काढली.

चौक गेलं. श्रीपतशेठची जीप रस्त्यात होती की नव्हती, मला आठवत नाही.

खालापूरला शाळेपाशी मी विशाखाला उतरवलं नाही. आईनं सोडायला हवं पहिल्या दिवशी, असं मीच म्हटलं. आम्ही खालापूर फाट्यावर थांबलो. उजाडून बराच वेळ झाला होता, ऊन होतं, पानवाल्याचा रेडिओ चालू होता.

पनवेल-खोपोली एसटी आली. माणसं उतरली. दोन कोंबडीवाले, एक तलाठी, शाळेची पोरं. कंडक्टर खाली उतरून एसटीच्या दारापाशी उभा राहिला आणि परत आत गेला. मग पुन्हा खाली आला. तो आम्हाला ओळखत होता. त्याचा चेहरा मला आवडला नाही.

"बाई चढल्या व्हत्या लोधिवलीला," तो म्हणाला. "पुढं, डाव्या खिडकीला बसल्या. चौकाला मी सोता बघितलं, बसलेल्या. मधी गाडी कुठंच थांबली नाय."

मी एसटीत चढलो. पुढची डावी जागा रिकामी होती. जुनं, फाटकं एसटीचं बाकडं, तिच्याआधी हजार माणसं बसून गेलेली. मी तळहातानं ते दाबलं.

पुढे पोलीस ठाणं झालं, पाताळगंगेत गळ टाकून झाले, चौकापासून खालापूरपर्यंतची प्रत्येक विहीर उपसून झाली. श्रीपतशेठनं आपली माणसं दिली, ती मी परत पाठवली. गावानं जे बोलायचं ते बोललं आणि अजून बोलतंय. बोलू दे. ते पुढचं.

त्या सकाळी मी बसमधून उतरून गाडीत येऊन बसलो. सीटनं मला धरलं. पाठीत दोन टोकं टेकली. मागून विशाखानं विचारलं, आई आली का.

मी आरसा सरळ करायला हात वर केला. आरशात मधोमध तिचा चेहरा होता.

मी हात खाली घेतला.