एकेचाळिसावं कार्ड

दुपारी दुकान बंद व्हायला दहा मिनिटं होती आणि ती धापा टाकत काउंटरवर येऊन आदळली. हातात चाळीस चित्रांची चवड, खांद्यावरून निसटणारी पर्स आणि गालावर स्केचपेनचा हिरवा ओरखडा.

“लॅमिनेशन करायचंय. आत्ता! तीनला वर्ग आहे... प्लीज!”

मशीनमागच्या तरुणानं आधी घड्याळाकडे पाहिलं, मग त्या हिरव्या ओरखड्याकडे, आणि बंद केलेलं मशीन मुकाट्यानं पुन्हा चालू केलं. पोटात कावळे ओरडत होते बिचाऱ्याच्या; पण आता जेवणाची आठवण कोणाला!

एकेक चित्र निरखत तो आत सरकवू लागला. पाणी, खाऊ, झोका, शू, चेंडू, आई...

“कोणासाठी आहेत?”

“माझ्या विद्यार्थिनीसाठी. सात वर्षांची आहे, बोलत नाही. जे हवं त्याचं कार्ड ती उचलून माझ्या हातात देणार.” तिनं मान जरा ताठ केली. “प्राथमिक आणि विशेष शिक्षणाची शिक्षिका होतेय मी. शेवटचं वर्ष.”

“अरे वा.” शेवटचं कार्ड गरमागरम बाहेर आलं. “पण बाई, हे सगळं ‘हवं’च आहे. ‘नको’ कुठंय?”

“म्हणजे?”

“तिला झोका नको असेल, तर ती काय देणार तुमच्या हातात?”

झालं! बाईंचा पारा चढला. “तुम्ही प्लॅस्टिक चिकटवा. शिकवायचं आम्ही बघू.”

कोपऱ्यातल्या बाकावर एक पस्तिशीची बाई कोरे कागद रचत बसली होती. तिनं मान वर करून या फणकाऱ्याकडे टक लावून पाहिलं आणि पुन्हा कागद रचायला घेतले.

तिसऱ्या दिवशी ती शिकाऊ शिक्षिका परत आली. मनगटाला पट्टी होती, आणि मान मुळीच ताठ नव्हती.

“चावली?” त्यानं विचारलं.

“चावली. झोक्याचं कार्ड सहा वेळा तिच्यापुढे धरलं मी. वाटलं, लाजतेय...”

तो हसला नाही. तिथंच त्यानं तिचं अर्धं मन जिंकलं, असं ती पुढे मैत्रिणींना सांगायची.

“ही माझी ताई,” बाकाकडे बघत तो म्हणाला. “हीसुद्धा बोलत नाही. पंधराची होईपर्यंत घरात सगळे म्हणायचे, पोरगी तापट आहे. ताटं भिरकवायची ना! मी होतो नऊ वर्षांचा. एका पुठ्ठ्यावर आडवा हात काढून तिला दिला — नको. त्या दिवशी तिनं तो घरभर दाखवला. दूध नको, आंघोळ नको, मी तर अजिबातच नको! आई एकीकडे हसत होती, एकीकडे रडत होती. त्यानंतर ताट काही उडालं नाही.”

तिनं इतकी पुस्तकं वाचली, इतकी टाचणं काढली, आणि त्या मुलीला नाही म्हणायची सोयच ठेवली नव्हती. तिला स्वतःची मनापासून लाज वाटली.

त्यानं तिथल्या तिथं एकेचाळिसावं कार्ड करून दिलं. कात्रीनं त्याचे कोपरे गोल केले. “टोचतात लहान हातांना,” तो म्हणाला, आणि बाकीची चाळीसही मागून घेतली.

मग काय, तिला रोज काही ना काही लॅमिनेट करायचं असे. एकदा तर तिनं बसचं वेळापत्रक आणलं. एकदा स्वतःचा फोटो आणला — ‘बाई’ असं कार्ड करायला.

“यात तुम्ही हसताय की ओरडताय?”

“ओळखपत्रावरचे फोटो असेच येतात!”

“एक प्रत मी ठेवून घेऊ?” मशीनकडे बघत तो म्हणाला. “म्हणजे... मशीन तपासायला लागते.”

“रोज तपासता?”

“आता रोज तपासेन.”

ती लाजली आणि सुट्टे पैसे विसरून निघून गेली.

वर्गात मात्र ते ‘बाई’ कार्ड इतर कार्डांसोबत फळ्यावर तसंच लटकून राहिलं. ती मुलगी सदोदित गोल गोल फिरायची म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. भिंगरी पाणी मागे, चेंडू मागे, दिवसातून वीसदा ‘नको’ हातात ठेवी. बाईंच्या फोटोला तिनं कधी बोट लावलं नाही.

आणि परीक्षेचा पाठ येऊन ठेपला. विषय: एक ते पाच मोजणे. पाठ फसला तर वर्ष वाया, आणि वडिलांनी निक्षून सांगितलं होतं की मग मामाच्या ऑफिसात टेबल तयार आहे. परीक्षक बाई मागच्या खुर्चीत वही उघडून बसल्या. तिनं मण्यांचा डबा पुढे केला. भिंगरीनं फळ्याकडे जाऊन कार्ड आणलं. नको.

हात धरून पाच मणी मोजून घेता आले असते. दारातून तिच्या मार्गदर्शक बाई खुणावतही होत्या — रेट! पण तिनं डबा बंद केला.

“नको? बरं. नको तर नको.”

ती जमिनीवर बसून राहिली. पाच मिनिटं गेली... दहा गेली. भिंगरी फिरत होती. परीक्षक बाईंचं पेन चालत होतं. मामाचं टेबल तिला डोळ्यांसमोर दिसू लागलं.

भिंगरी थांबली. फळ्यापाशी गेली, एक कार्ड काढलं, तिच्या हातात ठेवलं आणि सरळ मांडीत येऊन बसली. ‘बाई’ होत्या त्यावर. तिनं त्या पोरीला घट्ट धरलं आणि परीक्षा आहे हे विसरून रडली.

“गणित झालं नाही,” परीक्षक बाई म्हणाल्या.

“नाही झालं, बाई.”

“ते उद्या घ्या. आज जे झालं, ते मला तीस वर्षांत दोनदाच बघायला मिळालंय.” त्यांनी सही केली. उत्तीर्ण.

ती धावतच दुकानात गेली. “पास झाले! तुमच्यामुळे. तुम्ही त्या दिवशी विचारलं नसतं, तर मी तिला रेटतच राहिले असते. किती आभार मानू तुमचे...”

त्यानं मशीन बंद केलं. “मला एक विचारायचं होतं. पण... तीन ठिकाणी लग्नाची बोलणी झाली आजवर. तिन्हीकडे एकच प्रश्न — ताईचं पुढे काय? ताई माझ्याचकडे राहणार. म्हणून हल्ली मी विचारतच नाही कोणाला.”

ती काउंटरला वळसा घालून आत आली आणि बाकापुढे उकिडवी बसली.

“ताई, मला तुमच्या घरी राहायला यायचंय. कायमचं. तुमच्या भावाशी लग्न करून. चालेल तुम्हाला?”

तीन ठिकाणच्या बोलण्यांत ताईला कोणी काही विचारलं नव्हतं. तिनं हातातले कागद खाली ठेवले आणि या मुलीचा चेहरा निरखू लागली. कितीतरी वेळ. तो उगाच काउंटर पुसू लागला. तिनं मात्र ताईला घाई केली नाही.

शेवटी ताई बाकावर सरकली आणि शेजारच्या जागेवर हातानं थोपटलं. ती जाऊन बसली.

“मला कोणी विचारणार आहे की नाही?” त्यानं काउंटरमागून विचारलं.

“तुम्हाला काय विचारायचं,” डोळे पुसत ती म्हणाली, “मोठ्यांचा होकार आलाय.”