उजेडात सरक, पैमिन

पटलं नाही तर सोडून द्या, पण खोटं म्हणू नका. कार्सोनो माझा सख्खा मेहुणा. दारूला शिवत नाही आणि गोष्टी रचायची अक्कल त्याला नाही.

ब्रोमो ज्वालामुखीच्या वरचा कडा. मागच्या ऑगस्टमधला मंगळवार. संध्याकाळचे सव्वापाच.

कार्सोनो शहरातल्या फोटोवाल्यांना डोंगरावर नेतो. उजेड कधी सोनेरी होणार, सावली वाळूवरून कुठवर चढणार, हे त्याला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं. फोटोखाली नाव मात्र त्यांचं लागतं.

त्यांना फोटोत माणूस लागतो. डोंगराची उंची कळावी म्हणून.

आमचा माणूस म्हणजे त्यांची फूटपट्टी.

आदल्या वर्षी फूटपट्टी आमच्या गावचा पैमिन होता. काळ्या डोंगरापुढे काळा, दिसेचना. आकाशाच्या उजेडात यायला हवा होता. गिऱ्हाईक म्हणालं, अजून एक पाऊल. कार्सोनोने वॉकीटॉकीवर तेच सांगितलं...

पुढे जमीन नव्हती.

गावात कार्सोनोने सांगितलं, आपणहून घसरला. पैमिनच्या बायकोच्या, रासेमीच्या तोंडावर सांगितलं. वर्षभर तेच सांगत राहिला.

तो फोटो एका हॉटेलात टांगलाय. लोक उजेडाचं कौतुक करतात.

त्या मंगळवारी सुराबाया शहरातल्या पाक हेंद्राला, म्हणजे हेंद्रासाहेबाला, नेमका तोच कडा हवा होता. कार्सोनोने दुसऱ्या तीन जागा दाखवल्या. ऐकेना. शेवटी वांतोरो, कार्सोनोचा धाकटा भाऊ, फूटपट्टी व्हायला निघाला. थोरल्या भावाला तो कांग म्हणतो.

"कांग, माझं नाक येईल का फोटोत?"

"झाकून घे. चांगला फोटो नासायचा."

वांतोरो हसत गेला. सारोंग, म्हणजे आमची लुंगी, डोक्यावरून गुंडाळलेली, डोळे तेवढे उघडे. थंडीत इथे सगळे तसेच दिसतात.

दहा मिनिटांनी कड्यावर माणूस उभा राहिला.

"डावीकडे सरक," कार्सोनो वॉकीटॉकीवर म्हणाला. "काळ्यात काळा झालायस."

माणूस सरकला.

खटक.

"अजून एक पाऊल," पाक हेंद्रा म्हणाला.

"पुढे कडा आहे, पाक."

"लेन्समधून मी बघतोय का तू? उजेड चाललाय."

कार्सोनोने कड्याकडे पाहिलं. तरी तो म्हणाला, "एक... अर्धं पाऊल."

माणसाने पूर्ण पाऊल टाकलं.

खटक.

तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरली.

"कांग, कुणाला सांगताय? मी खालीच आहे. बुटाचा तळ निघालाय, दोरीने बांधतोय."

कार्सोनोने वर पाहिलं...

माणूस उभा होता.

वारा थांबला होता. खालच्या वाळूवरच्या घोड्यांच्या घंटा थांबल्या होत्या. माणूस पुढच्या हुकमाची वाट बघत होता.

"वांतोरो, वर येऊ नकोस."

"अरे, तो काय उभा आहे," पाक हेंद्रा चिडला. "सांग त्याला, अजून एक."

कार्सोनोने बटण दाबलं.

"पैमिन... मागे ये."

सूर्य बुडाला. सावली कडा चढून गेली. खटक. वर कुणी नव्हतं.

पाक हेंद्राने कॅमेऱ्यात फोटो पाहिले. एकाही फोटोत माणूस नाही.

पण कड्याखालच्या खडकावर लांब सावली होती. माणसाची. पहिल्या फोटोत जिथे, दुसऱ्यात तिथून एक पाऊल पुढे.

आणि शेवटच्या फोटोत, सूर्य बुडाल्यानंतरच्या...

तरी होती.

पाक हेंद्राने तिपाई तिथेच टाकली. तसाच उतरला.

सकाळी कार्सोनो रासेमीच्या शेतात गेला. ती कोबी काढत होती. त्याने सगळं सांगितलं. मीच म्हणालो, पाऊल टाक. मीच.

तिने विळा खाली ठेवला.

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"तोच येतो. दिवस मावळला की दाराशी उभा राहतो. त्याच्या नावाने पानाफुलांची बाहुली करून जाळली, पुजाऱ्याने मंत्र म्हटले. म्हटलं, आता सुटेल. तरी येतो. विचारतो, फोटो झाला का? मला काय ठाऊक, मी काय सांगू? आता तू ये आणि तूच सांग."

तेव्हापासून कार्सोनो रोज संध्याकाळी तिच्या दाराशी बसतो. अंधाराकडे बघून म्हणतो, झाला रे, झाला फोटो. त्याला कुणी दिसत नाही.

रासेमीला दिसतो. ती म्हणते, हा सांगतो, तो मुकाट ऐकतो... आणि जात नाही.

मग हवंय काय त्याला?

ते विचारायचा धीर अजून कुणाला झालेला नाही. मलाही नाही.