खिळ्यावरचा नान

मी बोलघेवडी आहे, हे आमच्या घरात कुणीही सांगेल. पण या गोष्टीत मी पदरचं काहीही घातलेलं नाही.

माझी नणंद शोल्पान हिच्यावर हे गुदरलंय. मी तिला खोदून खोदून विचारलं. उलटसुलट विचारलं. दरवेळी तेच उत्तर आलं.

गेल्या वर्षीचा फेब्रुवारी. शनिवार. आमच्या कझाकस्तानातलं कापशागाय गाव.

शोल्पान आणि तिचा नवरा दाउरेन गाडीने अल्मातीहून ताल्दीकोर्गानला निघाले होते. तिच्या आईचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, साठावा वाढदिवस होता. वाटेत कापशागाय लागतं. उन्हाळ्यात तिथल्या धरणाच्या तळ्याकाठी पाय ठेवायला जागा नसते. हिवाळ्यात मात्र तळं गोठतं, दुकानं बंद होतात, आणि चालू राहतात ते फक्त कसिनोचे दिवे.

त्या दिव्यांनीच दाउरेनचा घात केला होता. शोल्पानचे दागिने तिथे गेले, झोप तिथे गेली. शेवटी ती बॅग भरून माहेरी निघाली, तेव्हा कुठे त्याने कानाला खडा लावला. वर्षभर शब्द पाळलाही.

"कापशागायला थांबायचं नाही," ती निघतानाच म्हणाली होती.

"नाही गं बाई. डोळे मिटून गाडी चालवतो, मग तर झालं?" तो म्हणाला होता.

पण गावाशी पोचता पोचता वादळ सुटलं. समोरचं काही दिसेना. पोलिसाने काचेवर टकटक केलं.

"पुढचा घाट बंद आहे. उद्या बघू. आजची रात्र गावातच काढा."

अडकलेल्या गाड्यांनी लहानसहान हॉटेलं भरून गेली होती. जागा होती फक्त कसिनोच्या हॉटेलात.

"वर खोलीत झोपतो. खाली उतरणारसुद्धा नाही," दाउरेन म्हणाला.

"हो तर! मांजर दुधाच्या पातेल्यापाशी झोपेल आणि तोंड लावणार नाही!"

तो हसला. ती हसली नाही. तिने गाडी पुढे घ्यायला लावली.

आणि तिथेच... रस्त्याच्या कडेला ती म्हातारी उभी होती.

त्या रस्त्यावर धुरी दिलेले मासे विकणाऱ्या बायका नेहमीच असतात. पण अशा वादळात? एकटी?

"रात्रीला जागा हवी का, लेकरांनो? देवाने धाडलेले पाहुणे तुम्ही. चला."

देवाने धाडलेला पाहुणा म्हटल्यावर आमच्यात नाही म्हणता येत नाही. बोलावणाऱ्यालाही नाही, येणाऱ्यालाही नाही. शोल्पानचा तर जीव भांड्यात पडला. कसिनो टळला होता.

घर गावाच्या टोकाला होतं, अगदी तळ्याला लागून.

अंगणात कुत्रं नव्हतं.

चुलीतून धूर नव्हता.

आत बाहेरच्याइतकीच थंडी होती. बोलताना शोल्पानच्या आणि दाउरेनच्या तोंडातून वाफ निघत होती. म्हातारी बोलायची, तेव्हा मात्र...

काहीच निघत नव्हतं.

"आपा, तुम्ही एकट्याच राहता?" शोल्पानने विचारलं. आजीच्या वयाच्या बाईला आम्ही आपाच म्हणतो.

"एकटी कशी? माझी पोरं येतात ना परत," ती म्हणाली.

तिन्हीसांजा झाल्या. आपाने दिवा लावला नाही. खिडकीतून दूरवरचे कसिनोचे दिवे दिसत होते, लाल, निळे, परत लाल. दाउरेन खिडकीपाशी उभा होता. हातातला थर्मासमधला चहा कधीच थंड झाला होता.

"गाडीत पेट्रोल भरून येतो," तो म्हणाला.

शोल्पान उठून त्याच्यापाशी गेली. "टाकी अर्धी भरलीय."

"सकाळी पंपावर रांग असेल."

"दाउरेन, माझ्याकडे बघ."

त्याने बघितलं नाही.

तो दाराशी पोचला, तेवढ्यात आपाने अख्खा गोल नान त्याच्या पुढे धरला.

"जाणाऱ्याने घास तोडून जावं, बाळा. हाताने नाही. दातांनी."

आमच्याकडे मुलगा सैन्यात निघाला की त्याची आई असंच करते. तो दातांनी एक घास तोडतो. उरलेला नान आई खिळ्याला टांगून ठेवते. तो परत येतो आणि आपला नान संपवतो. नान वाट बघतो, म्हणून माणूस परत येतो, असं मानतात. पण हे आईने आपल्या पोटच्या पोरासाठी करायचं. परक्या बाईने नव्हे.

"आपा, मी काय लढाईवर चाललोय?" दाउरेन हसला.

आणि घास तोडला.

त्याला घाई होती. बाहेर पडायला मिळत होतं, तेवढं पुरे होतं त्याला.

शोल्पानने अडवलं नाही. उलट तिला मनातून बरंच वाटलं. म्हटलं, नानच्या ओढीने तरी लवकर येईल.

तो लवकर आला नाही. तळ्यावरचा बर्फ खालून कण्हत होता. आणि आतल्या कोठीच्या खोलीतून आवाज येत होता... कोणीतरी काहीतरी कडक चघळत असल्याचा. रात्र तिने कशीबशी काढली.

उजाडता उजाडता दाउरेन दारात उभा राहिला.

"गेला होतास ना?"

"गेलो होतो." त्याने मान खाली घातली. "टेबलाशी बसलो. पानं हातात आली आणि... तोंडात त्या नानची चव आली. उठलोच. पाय आपोआप इकडे वळले, शोल्पान."

ती रडली, भांडली आणि मग त्याला मिठी मारली. आपा कुठेच दिसत नव्हती. हाका मारल्या, उत्तर नाही. वारा पडला होता, घाट उघडला होता. ते निघाले.

धरणाखालचा पूल समोर दिसायला लागला आणि दाउरेनने गाडी वळवली.

"अरे, कुठे निघालास?"

"सरळच तर चाललोय."

थोड्या वेळाने गाडी थांबली. समोर तेच अंगण होतं.

आता शोल्पान चालवायला बसली. पूल जवळ आला, तसा दाउरेन पोट धरून कण्हायला लागला.

"भूक लागलीय. शोल्पान, मला भूक लागलीय..."

तिने पिशवीतून आईसाठी घेतलेला केक काढला. त्याने तो भिरकावून दिला आणि चालत्या गाडीचं दार उघडलं. मोठा माणूस, लहान पोरासारखा हमसून रडत होता.

तिने ब्रेक दाबला. आणि तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तो परत आला होता, पण नान संपवला नव्हता.

तिने गाडी परत त्या घराकडे वळवली. त्याला आत बसवून कुलूप लावलं आणि एकटी घरात शिरली.

कोठीचं दार उघडंच होतं.

भिंतभर खिळे.

प्रत्येक खिळ्याला नान.

आणि प्रत्येक नानचा... एकच घास तोडलेला.

काही हिरवे पडले होते, काही दगडासारखे काळे. सगळ्यांवर बर्फाचा पांढरा थर. आत अंधार होता. दाराजवळचा नान तिने ओढून काढला.

मागून आवाज आला.

"नीट बघून घे, सूनबाई. दुसऱ्या कुणाचं पोर घेऊन जाशील."

शोल्पानने मागे बघितलं नाही. हातातल्या नानकडेही बघितलं नाही. ती पळत सुटली.

गाडीत दाउरेनने तो नान खाल्ला. कडाकडा आवाज येत होता. हिरड्यांतून रक्त आलं तरी तो थांबला नाही. मांडीवरचा चुरासुद्धा वेचून खाल्ला. मग शांत झाला.

"चल घरी," तो म्हणाला.

या वेळी त्यांनी पूल ओलांडला.

आईकडे घर पाहुण्यांनी भरलं होतं. सगळे जावयाला चिडवत होते.

"काय जावईबापू, कुठे रमलात?" शोल्पानच्या मामांनी विचारलं.

"इली गावात थांबलो. वादळ होतं," तो म्हणाला.

मामा हसायला लागले. "इली? अहो, तळं झालं तेव्हाच ते गाव पाण्याखाली गेलं! मी शाळेत होतो. तुमचा तर जन्मही नव्हता!"

सगळे हसले. दाउरेन हसला नाही. त्याने चहाची वाटी उचलली. डाव्या हाताने.

शोल्पान त्या हाताकडे बघत राहिली. तिचा नवरा डावखुरा नव्हता.

या गोष्टीला आता वर्ष झालं. तो पत्त्यांना हात लावत नाही. संध्याकाळी वेळेवर घरी येतो. लाकडं फोडतो, भांडी घासतो, सासूची चौकशी करतो. सगळे म्हणतात, शोल्पानने नशीब काढलं. मीही म्हणाले होते. तेव्हाच ती माझ्या स्वयंपाकघरात खाली बसली आणि हे सगळं सांगितलं.

मे महिन्यात ती एकटीच कापशागायला जाऊन आली होती. घर नव्हतं. जिथे अंगण होतं, तिथे पाणी होतं. काठ बराच अलीकडे होता. ती तिथे उभी राहून दाउरेनला हाका मारत राहिली, घसा बसेपर्यंत.

घरी आली तेव्हा तो बटाटे सोलत होता. तिने सरळच विचारलं.

"तू कोण आहेस?"

त्याने सुरी खाली ठेवली. मग अगदी हळू आवाजात म्हणाला...

"मला परत पाठवू नकोस. तिथे फार थंडी आहे. तुझ्या माणसाला जाऊन थोडेच दिवस झालेत. मला फार वर्षं झाली होती गं."

"वहिनी, मी दाउरेनला सोडवून आणलं की टाकून आले?" शोल्पान मला विचारते.

ती अजून त्याच्याबरोबरच राहते. माहेरी जाताना आता ट्रेनने जाते, गाडीने नाही. दाउरेनला आणायचं, तर याला तिथे नेऊन सोडावं लागेल, असं तिला वाटतं. तिने दोनदा ठरवलं, गाडीत बसलीही. दोन्ही वेळा तो मुकाट्याने शेजारी येऊन बसला, पट्टा लावला आणि रडायला लागला.

आणि खरं सांगू का... माणूस वाईट नाही हो तो.