साच्याला कळेल असं दुखणं

शाळेतून घरी आल्या की शैलजा मगदूम आधी चप्पल काढायच्या, मग दातांवरचा साचा. आज साचा निघेना. पुढच्या दातांना तो इतका आवळून बसला होता, की नखाने कड उचकटताना डोळ्यांत पाणी आलं. निघाल्यावर त्यांनी तो धुऊन डबीत ठेवला आणि कणीक मळायला घेतली. स्वतः मात्र हल्ली दुधात कुस्करलेली पोळीच खायच्या.

असे ‘जाणते साचे’ इचलकरंजीत नुकतेच आले होते. पूर्वी दात सरळ करायला ठरावीक दिवसांनी नवा पारदर्शक साचा घालावा लागे. आता एकच साचा तोंडात हळूहळू आकार बदलतो. रोज जेवणानंतर दातांवर चढवला की तो डबीतल्या स्पीकरमधून विचारतो, ‘कसं वाटतंय?’ दुखत असेल तर सैलावतो, नसेल तर दाब वाढवतो. बनवणारे हुशार खरे, पण आमच्याकडे माणूस सलाइन लावून पडला असला तरी ‘चालतंय’ म्हणतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

शैलजाबाईही तेच म्हणायच्या. दिवसभर वर्गात बोलून त्या इतक्या थकलेल्या असत, की दुखणं समजावून सांगणं म्हणजे आणखी एक तास घेण्यासारखं वाटे. शिवाय घरात ‘दुखतंय’ म्हटलं की ‘गोळी घे’ यापलीकडे गाडी जात नसे.

शनिवारी दातांच्या दवाखान्यात डॉ. मुजावरांनी पुढच्या दाताला बोट लावलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

“बाई, हा दात हलतोय.”

“थोडा हलतोय. चालतंय.”

“साच्यालाही हेच सांगता?”

“मग काय सांगू?”

डॉक्टर स्टुलावर टेकले. “अहो, दाब किती आहे ते त्याला कळतं. दुखतंय किती, ते तुम्हीच सांगायचं. ‘चालतंय’ म्हणजे दुखत नाही, असं समजून तो रोज आवळत गेला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तोही मागून घेतलेला.”

“एखादी गोळी द्या की.”

“गोळीनं दुखणं झाकलं जाईल, दात राहणार नाही. आज मी साचा थोडा सैल करून देतो. उद्यापासून तो पुन्हा तुमचंच ऐकणार. खरं सांगितलंत तर दात वाचेल.”

बाईंनी मान डोलावली. त्यांना त्या दाताचं फार वाईट वाटलं. त्याने बिचाऱ्याने काय केलं होतं?

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. नवरा बाहेर बातम्या लावून बसला होता. बाईंनी ओट्याशी उभं राहून साचा चढवला.

‘कसं वाटतंय?’

“चाल...” त्या थांबल्या. “दुखतंय.”

“काय म्हणालीस?” बाहेरून आवाज आला.

“तुम्हाला नाही.”

‘कसं दुखतंय?’ साच्याने विचारलं.

“ठणकतंय. वर कानापर्यंत कळ जाते. घास चावताना जीव जातो.” एकदा बोलायला लागल्यावर शब्द आपोआप आले.

साचा सैलावला. हिरडीतला ताण उतरत गेला तसे त्यांचे खांदेही खाली आले. इतकं सोपं होतं हे, असं वाटून त्यांना रडू फुटलं.

‘नोंद झाली,’ साचा म्हणाला. ‘अजून कुठे दुखतंय?’

तो शेजारच्या दातांबद्दल विचारत होता, हे बाईंना कळत होतं. तरी त्या ओटा धरून तशाच उभ्या राहिल्या. सुरुवात नेमकी कुठून करायची?