पहाटेचे कागद

शेजारच्या खोलीतून आलेल्या त्या पत्राला रघुवीर चांदोरकरांनी सहा वर्षांत उत्तर दिलं नव्हतं. आचार्य उकिडव्यांची रीतच तशी. गंभीर काही विचारायचं, तर रोज पंगतीला बसणाऱ्या लेखनिकालाही पत्र टाकायचं. उत्तरही संस्थेच्या पेटीतूनच यायला हवं. ‘रघुवीर, माझे पहाटेचे कागद माझ्यामागे जाळशील ना?’ एवढंच त्यात होतं.

आचार्य रोज पहाटे मनातला सगळा राग कागदावर ओकत, तो खोडत आणि मग शांतीवरचे लेख सांगायला बसत. चांदोरकरांना ‘हो’ म्हणवेना, ‘नाही’ही म्हणवेना. गेल्या आठवड्यात दंगल थोपवायला आचार्य पुलावर गेले, कपाळात दगड बसला आणि तिथेच संपले. चांदोरकरांनी भक्तिभावाने पहाटेच्या कागदांसकट सारे कागद मनोलेखाला दिले.

मनोलेख म्हणजे माणसाच्या हस्ताक्षरातून त्याची विचार करण्याची पद्धत पुन्हा उभी करणारं यंत्र. शब्द कोणता, यापेक्षा लेखणी किती दाबली हे ते मोजतं. दाब जितका जास्त, तितका तो विचार खरा. त्याला लोकांनी विचारलं, ‘आचार्य, आता काय करू?’ आचार्यांच्याच आवाजात उत्तर आलं, ‘पुलापलीकडचं एकही घर उभं ठेवू नका.’

तीन दिवस पलीकडची वस्ती जळत होती. चांदोरकरांची बहीण यमू तिथेच अडकली होती.

‘‘बंद कर ते!’’ चांदोरकर म्हणाले.

‘‘केलंय हो काका,’’ डॉ. मृण्मयी खरात म्हणाली. यंत्र तिनेच बनवलं होतं. ‘‘पण लोकांनी ऐकलंय. आता ‘तो शब्द माझा नव्हे’ असं त्यानेच सांगितलं तर लोक कोयते खाली ठेवतील.’’

‘‘मग त्याला शिकव की, खोडलं म्हणजे नाकारलं!’’

‘‘शिकवलं. खोडण्याची रेघ हलकी आहे, काका. शब्दांनी कागद फाटलेत.’’

चांदोरकर फाटक्या कागदांवर वाकले. मग म्हणाले, ‘‘ते कागद माझे ठरले तर? एकतीस वर्षं त्यांच्या नावाने पत्रं लिहितोय. अक्षर एकच आहे.’’

‘‘अक्षर जुळेल. दाब खोटा आणता येत नाही. त्यासाठी खरा राग लागतो. तुम्ही तर कुत्र्यालाही हाड म्हणत नाही.’’ तिचा आवाज उतरला. ‘‘आणि जमलं तरी फाटकापाशी आचार्यांची पाचशे माणसं उभी आहेत. ती तुम्हाला सोडतील?’’

चांदोरकरांनी आचार्यांचीच लेखणी घेतली. ‘ते कागद माझे. तुम्ही जाळायला सांगितलेत, मी जपले,’ असं लिहिलं. पुढचं सुचेना. मग तो दगड आठवला. ‘ज्याने मारला त्याचे हात खांद्यापासून तोडा. त्याच्या आईला बघायला बसवा.’ हात थांबेना. चौथ्या ओळीला कागद फाटला.

मृण्मयीने तो यंत्राखाली धरला. तिने आकडे दोनदा ताडून पाहिले.

‘‘तंतोतंत जुळतंय. आता यंत्र ‘तो शब्द माझा नव्हे’ म्हणेल,’’ ती म्हणाली आणि नकळत एक पाऊल मागे सरकली. ‘‘काका, ते कागद खरंच कुणाचे?’’

‘‘आता माझे.’’

त्यांनी पाकिटावर आचार्यांचं नाव घातलं. व्हरांड्यात आल्यावर फाटकापाशी कुणीतरी ओरडलं, ‘‘लेखनिक आले, वाट द्या!’’ चांदोरकरांनी त्या माणसाकडे पाहून नमस्कार केला आणि पत्र संस्थेच्या पेटीत टाकलं.