या, जेवायला

दिवा असू दे, चैताली, बंद करू नकोस. ही गोष्ट भर उजेडातली आहे.

वरच्या मजल्यावरची दीपमाला तुम्हाला माहीत आहे. तिचा शुभंकर मागच्या वर्षी सहा महिने नॉर्वेला शिकायला होता. निघायच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे बेसन मागायला आली. "तुमच्या घरच्या डाळीचं द्या, दुर्गाआजी. विकतच्या पिठाचं पिठलं त्याला आवडत नाही." मी डबा भरून दिला. पोरानं ते पीठ पुरवून पुरवून वापरलं. जून आला तेव्हा वाटीभर उरलं होतं.

शिक्षण संपलं. परत यायला चार-पाच दिवस होते. तेव्हा हा, शनिवार पेठेतला तेजस आणि त्यांच्याच कॉलेजातली उल्का, असे तिघे होडीनं वर उत्तरेकडं गेले. एवढंसं बेट. त्यावर लाकडाची चार घरं, त्यातली तीन कुलूपबंद. चौथं यांनी भाड्यानं घेतलेलं. होडी यांना अठरा जूनला उतरवून गेली. ती वीस तारखेला सकाळी घ्यायला येणार. मधे काही नाही.

आणि तिकडं जूनमध्ये सूर्य मावळतच नाही. रात्री बारालासुद्धा आपल्याकडं संध्याकाळी पाचला असतं तसं ऊन. अंधारच नाही, मग भ्यायचं कशाला?

पहिल्या रात्री उल्कानं पिठलं-भात केला. दार उघडं टाकून तिघे जेवायला बसले. पहिला घास घेतला आणि दारात एक माणूस येऊन उभा राहिला. म्हातारा, अंगात पिवळा रेनकोट. आभाळ कोरडं आणि हा निथळतोय. शुभंकरच्या तोंडात घास होता. त्यानं हात वर केला आणि आपल्या सवयीनं म्हणाला, "या, जेवायला!"

तेजस हसला. "अरे, पुणेकर आहेस ना? एवढ्यात बोलावतोस? जेवूनच आला असाल, असं म्हण."

म्हातारा काही बोलला नाही. एक पाऊल आत टाकलं. उल्का पाण्याचा तांब्या घ्यायला वळली, परत बघते तर दारात कुणी नाही.

हसतेस काय चैताली? काय म्हणालीस, भुताला मराठी कुठून कळलं? तुला तरी कुठं धड कळतं? ऐक.

त्या रात्री शुभंकर पोटभर जेवला आणि उपाशी झोपला. म्हणजे काय, ते त्यालाही कळेना. सकाळी सगळा ब्रेड खाल्ला. पोट रिकामं. दुपारी नूडल्सची चार पाकिटं. पोट रिकामं. घास गळ्याखाली उतरत होता, आणि पुढं कुठंतरी जात होता. संध्याकाळपर्यंत गाल आत गेले. अंगठी बोटातून गळून पडली. रात्री त्याला उभं राहता येईना.

तेजसनं होडीवाल्यांना फोन केले. तिकडचे लोक म्हणाले, वारा सुटलाय, सकाळच्या आत होडी निघणार नाही. तोवर त्याला खायला घाला.

खायला घाला...

इकडं वीस जूनची पहाट. तीन वाजून दहा मिनिटं. तिकडं अजून एकोणीसचीच रात्र, बाराला वीस कमी. माझ्या दाराची बेल वाजली. दीपमाला. हातात फोन, पायात चप्पल नाही.

"अहो आजी, उठा. माझा मुलगा बघा कसा झालाय."

फोनमध्ये बघितलं. ओळखला नाही मी. डोळे तेवढे त्याचे होते. मागं खिडकीतून पिवळं ऊन.

म्हटलं, "बाळा, काय होतंय?"

"आजी, तो येतो. मी ताट घेतलं की दारात येतो. यांना दिसत नाही आता. फक्त मला."

"कोण?"

"कालचा म्हातारा."

"त्याच्याशी काय बोललास?"

"काही नाही हो. या जेवायला म्हटलं फक्त."

"आणि तो काय म्हणाला?"

"काही नाही."

"होऊ द्या सावकाश, असं म्हणाला नाही? मान हलवली नाही? हात जोडले नाहीत?"

"नाही."

 अरे, आपण दिवसातून दहादा म्हणतो हे. समोरचा 'होऊ द्या' म्हणतो आणि बोलावणं तिथंच मिटतं. या म्हाताऱ्यानं मिटवलं नव्हतं. यानं ते घेतलं होतं.

म्हटलं, "शुभंकर, तो बोलावलेला पाहुणा आहे. आणि तू त्याला दारात उभा ठेवून कालपासून जेवतोयस. घरात काय आहे?"

उल्का मागून म्हणाली, "मूठभर तांदूळ, आजी. बाकी सगळं यानं संपवलं."

"तेवढा शिजव. मीठ वाढ, पाणी ठेव. खुर्ची मांड. ह्याला एक शीत देऊ नकोस. पाहुण्याच्या आधी यजमान जेवत नाही."

दीपमालानं माझं मनगट धरलं. "आजी, तो मरेल हो उपाशी. तेवढाच भात आहे."

"माहीत आहे मला."

भात झाला. तेजसनं फोन भांड्याला टेकवून उभा केला. आम्हाला दिसत होतं ते एवढंच... ताट. ताटावर वाफ. रिकामी खुर्ची. मागं उघडं दार आणि ते ऊन.

शुभंकरला दोघांनी धरून उभं केलं.

"म्हण, बसा."

"बसा..."

काही नाही. वारा. समुद्राचा आवाज.

मग खुर्ची करकरली.

उल्का रडायला लागली. मी म्हटलं, "गप. पाहुणा जेवतोय."

किती वेळ गेला? घड्याळात चार मिनिटं. भात होता तसाच होता. शीत हललं नाही. पण वर येणारी वाफ... एकदम थांबली. कुणीतरी फुंकर मारून विझवावी तशी.

"आता आग्रह कर," मी म्हटलं.

"काय?"

"आग्रह कर. नुसतं वाढलं म्हणजे जेवण होत नाही. विचार, अजून वाढू का. त्याला पुरे म्हणू दे. त्याशिवाय तो उठणार नाही."

दीपमाला माझ्या कानाशी आली. "आजी... भांडं रिकामं आहे. तो वाढ म्हणाला तर?"

मी फोनकडं बोट केलं. 

 शुभंकरनं रिकामं भांडं उचललं. डाव धरला. खुर्चीकडं वाकला.

"अजून... वाढू का?"

वारा थांबला.

समुद्र थांबला.

भांड्यावर डाव वाजत होता. टक... टक... टक...

मग ताट हललं. आमच्या दोघींच्या डोळ्यांदेखत. एक बोटभर. मागं सरकलं. आपण पुरे म्हणून सारतो ना, तसं.

खुर्ची पुन्हा करकरली. दारातलं ऊन क्षणभर कुणी अडवल्यासारखं झालं, आणि परत पसरलं. तेव्हा फोनमधून आवाज आला. तिकडं तिघांपैकी कुणी ऐकला नाही. इकडं बिबवेवाडीत आम्ही दोघींनी ऐकला. म्हाताऱ्या माणसाचा, ओला.

"येतो."

शुभंकर मटकन खाली बसला. रडत होता की हसत होता, कळेना. "आई," म्हणाला, "आई, पोट भरलं गं माझं."

सकाळी होडी आली. पोरं सुखरूप पोचली. शुभंकर नऊ किलो उतरला होता, पण घरी आल्यावर दोन पोळ्यांत पोट भरायला लागलं. दीपमालानं पेढे वाटले. तुम्हीही खाल्लेत.

त्याचं 'येतो' मी मनावर घेतलं नव्हतं. जाताना आपल्यात जातो कोण म्हणतं?

पोरगा घरी येऊन आठ दिवस झाले असतील. सकाळी सहाला दीपमालाचा फोन. अगदी हळू आवाज. "आजी, वर येता का? आमचं दार उघडत नाहीये."

गेले. बाहेरून ढकललं. नाही. पायपुसणं नीट होतं, दुधाची पिशवी लटकत होती, जिन्यात कुणी नाही. आतून दोरी कापल्याचा आवाज येत होता. सुरीनं. बराच वेळ लागला. दार उघडलं तेव्हा दीपमाला पांढरीफटक. तिच्या हातात मासा होता. वाळलेला, मुंडकं नसलेला, लाकडासारखा टणक, माझ्या हाताएवढा लांब. शेपटीला काळी दोरी, तिला मिठाचे कण. त्या घरात मासे कधी शिजलेले नाहीत. शुभंकर आतल्या दाराशी उभा होता. म्हणाला, "त्या बेटावर असेच वाळत घालतात, आजी."

पाहुणा रिकाम्या हातानं येत नाही, एवढं मला सुचलं. 

काय म्हणतोस, प्रज्ञेश? त्या तेजसनं गंमत केली? रात्रीतून दाराला बांधून गेला?

असेल बाबा. पण दाराबाहेर मी उभी होते. मासा आतल्या कडीला बांधलेला होता.