परातीतल्या मुंग्या

बसा, कंदील जरा पुढं घ्या, सांगतो. निजामाच्या मोगलाईत आष्टीला मी शाळामास्तर होतो आणि मला नाद मुंग्या पाळायचा. हसा खुशाल! लोक पोपट पाळतात, मी दाणे साठवणाऱ्या मुंग्या पाळल्या. एका सकाळी शेजारच्या भिवराबाईच्या गोठ्यामागून राणीसकट वारूळ खणून आणलं, परातीत भरलं आणि परात पाण्याच्या घंगाळात ठेवली. आता एकही मुंगी बाहेर जाणार नव्हती.

मी त्यांना बाजरी घालायचो. त्या ओळीनं येऊन दाणा उचलायच्या आणि मी जेवण विसरायचो. चौथ्या दिवशी त्या आतून उलट दाणे बाहेर आणू लागल्या. ज्वारी! तीही हळद लागलेली! अंगावर काटा आला, पण खरं सांगतो, आनंदानं. पाचव्या दिवशी मूठभर, सहाव्या दिवशी ओंजळभर. तेवढ्या मातीत इतकं धान्य मावणंच शक्य नव्हतं.

जमिनीखालच्या पेवात धान्य भरून तोंड बुजवताना आमच्याकडे वरच्या पसाभर ज्वारीला हळद लावतात. मी धावतच भिवराबाईकडे गेलो. तिचा नवरा त्रिंबक महिन्यापूर्वी नाहीसा झाला होता. लोक म्हणत, इंग्रजी मुलखात पळाला. दीर आश्रुबा म्हणे, मेला समज, कुंकू पूस. ती पुसत नव्हती.

“भिवराबाई, गोठ्यात पेव आहे का?”

“सासऱ्याच्या वक्ताला व्हतं म्हनं. कावून, मास्तर?”

भर दुपारी मी आणि आश्रुबानं गोठ्यातली कलंडलेली कडब्याची गंज हलवली. खाली पेवाचं ढासळलेलं तोंड! मी ओरडलोच. मग दोरीनं कंदील आत सोडला... तो विझला, पण त्याआधी तळाशी पडलेला माणूस दिसला. पेवात कोंडलेली हवा माणूस मारते, म्हणून आधी दिवा सोडून बघायचा असतो. त्रिंबक न बघताच उतरला होता. गळ टाकून त्याला वर काढलं. आश्रुबानं त्याला हातातल्या कड्यावरून ओळखलं.

माझा सगळा उत्साह गळाला. मला स्वतःची लाज वाटली.

भिवराबाई रडली नाही. तिनं फक्त पदर सावरला.

“ह्येला जाळा, भावजी... पर हळू बोला. त्ये घरात जेवाया बसल्यात. त्येंला कळू देऊ नका.”

“कोण... कोण बसलंय?” मी विचारलं.

“म्हैना झाला, मास्तर. रोज दुपारीच येत्यात.”

तिच्या घराला बाहेरून कडी होती. आतून त्रिंबकच्या आवाजात कुणीतरी आणखी एक भाकरी मागितली.